मीटर आधी टाकीवर, मग दारात

जलजीवन मिशनमधून झालेल्या नळयोजना एकेक करून ग्रामपंचायतींच्या ताब्यात येऊ लागल्या, पंपाचे वीजबिल गावाच्या नावावर पडू लागले, आणि कोकण किनाऱ्यावरच्या ग्रामसभांत घरोघरी पाण्याचे मीटर बसवावेत की नाही हा विषय पुन्हा तापला. मीटरच्या बाजूचे लोक सांगतात की जेवढे वापराल तेवढेच भराल, म्हणजे पैसे वाचतील. विरोधातले सांगतात की आज वर्षाची पाणीपट्टी एकरकमी भरली की विषय मिटतो, उद्या दर महिन्याला बिलाचा घोर लागेल. पहिल्यांना गावाच्या खर्चाचा हिशेब ठाऊक नसतो आणि दुसऱ्यांना तो ठाऊक करून घ्यायचा नसतो, त्यामुळे वाद तासभर रंगतो आणि निर्णय पुढच्या सभेवर जातो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कोकणातल्या बहुतेक गावांत घरच्या मीटरने बहुतेक घरांचे पैसे फारसे वाचणार नाहीत. तरीही मीटर हवेत. मात्र आधी गावच्या साठवण टाकीवर, मग प्रत्येक वाडीच्या फाट्यावर, म्हणजे मुख्य पाइपातून वाडीचा पाइप फुटतो तिथे, आणि घराच्या दारात सर्वांत शेवटी.

घराचा हिशेब पहिल्यांदा करू, कारण सभेत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तोच चाललेला असतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, ज्याने त्याने आपल्या गावचे घालावेत. समजा, सरसकट पाणीपट्टी महिन्याला १५० रुपये आहे, आणि मीटर लागल्यावर ६० रुपये स्थिर आकार अधिक दर हजार लिटरला ८ रुपये असा दर ठरला. जलजीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटरचा आहे. त्या मानाने चौघांच्या घराला महिन्याला ६,६०० लिटर लागतात आणि बिल ११३ रुपयांच्या आसपास येते. वाचले ३७ रुपये. मीटर, त्याची पेटी आणि प्लंबरची मजुरी मिळून घरमालकाने दोन हजार रुपये घातले असतील, तर ते भरून निघायला साडेचार वर्षे जातील. मुले मुंबईला आणि घरात दोघेच म्हातारे असतील तर महिन्याला ६४ रुपये वाचतील आणि अडीच वर्षांच्या थोडे पुढे खर्च वसूल होईल. महिन्याचा वापर सव्वाअकरा हजार लिटरांच्या वर गेला की मीटर तोट्याचा. ही मर्यादा वाटते तेवढी लांबची नाही. बॉलकॉक अडकून छपरावरची टाकी वाहू लागली आणि नळाला मिनिटाला दहा लिटर पाणी येत असले, तर बावीस मिनिटांत त्या चौघांचे दिवसभराचे पाणी अंगणात जाते. परसातल्या पोफळींना आणि नव्या कलमांना उन्हाळ्यात नळाचेच पाणी देणाऱ्या घराने तर हा हिशेब न केलेलाच बरा.

म्हणजे थोडी माणसे आणि आवरता हात असेल तर मीटर फायद्याचा, असे वाटेल. पण हाच हिशेब ग्रामपंचायतीच्या बाजूने मांडला की त्याचा पाया हलतो. नदीकाठच्या जॅकवेलपासून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपासून, सड्यावरच्या (डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या) टाकीपर्यंत शंभर मीटर चढ असेल, तर हजार लिटर पाणी वर चढवायला शास्त्राप्रमाणे पाव युनिटाहून किंचित जास्त वीज लागते. पंपाची आणि पाइपातल्या घर्षणाची घट धरली तर अर्धे युनिट म्हणा. एखाद्या कुटुंबाने महिन्याला हजार लिटर वाचवले तर पंचायतीचे वाचले अर्ध्या युनिटाचे पैसे. बाकीचा खर्च, म्हणजे पाणी सोडणाऱ्याचा पगार, जळालेल्या मोटारीचे वायंडिंग, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, फुटलेल्या पाइपांची दुरुस्ती, विजेचा स्थिर आकार, हा पाणी कमी वापरले म्हणून कमी होत नाही. तेव्हा मीटरमुळे प्रत्येकाचे बिल उतरले तर योजनेचा तोटा तेवढाच वाढेल, आणि दोन वर्षांत दर वाढवावा लागेल. जे घराघरांत वाचले तेच पुढच्या ठरावाने परत द्यावे लागेल. सगळ्या गावाचे पैसे एकदम वाचण्याचा मार्ग एकच आहे: योजनेचा एकूण खर्च उतरला पाहिजे. तो कुठे उतरू शकतो हे आजवर कोणी मोजलेलेच नाही.

कोकणात हा मुद्दा अधिक टोकदार आहे, कारण इथे पाणी मुळात स्वस्त आणि पोहोचवणे महाग. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्याच्या सड्यावरून तो पऱ्यांत (ओढ्यांत) आणि पऱ्यांतून खाडीत जातो, आणि एप्रिलमध्ये झरे आटतात. कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी मान्य केलेली त्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एवढे पाणी ज्या चिपळूण तालुक्यातून वाहते त्याच तालुक्यातल्या वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, यात उपरोध आहे तसा हिशेबही आहे. आपण पाण्याची किंमत देत नाही, ते चढावर चढवण्याची आणि तिथे टिकवून धरण्याची देतो.

मीटरचे समर्थक परदेशाचे दाखले देतात, त्यातला इंग्लंडचा तपासून पाहण्यासारखा आहे. घरातल्या माणसांपेक्षा निजायच्या खोल्या जास्त असतील तर मीटर घ्यावा, असा तिथे एक ठोकताळा आहे. तो तिथे लागू पडतो, कारण बिनमीटरचे बिल घराच्या जुन्या करपात्र मूल्यावरून येते, मीटर पाणीकंपनी सहसा फुकट बसवून देते, आणि मोजलेल्या पाण्यावरूनच सांडपाण्याचाही आकार ठरतो, म्हणजे वाचवलेला प्रत्येक लिटर दोनदा पैसे वाचवतो. आपल्याकडे घरामागे शोषखड्डा असतो, सांडपाण्याचे बिल नसते, आणि मीटरचा खर्च बहुधा घरमालकाच्या माथी येतो. शिवाय खोल्या सात आणि माणसे दोन ही आपल्याकडच्या निम्म्या कौलारू घरांची स्थिती आहे. तो ठोकताळा लावला तर सगळा कोकण मीटरच्या रांगेत उभा करावा लागेल.

बंद घरांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि मीटरवाल्यांचा तो सर्वांत चांगला मुद्दा आहे. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर ज्या घराला कुलूप असते त्याने वर्षभराची पूर्ण पाणीपट्टी का भरावी? आणि शेजारचा, आठ खोल्यांच्या निवासाचा फलक लावून तारकर्ली-गुहागरच्या पर्यटकांना दोन वेळा शॉवर देणारा, त्याच्याएवढीच का भरतो? दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे काही उत्तर नाही. व्यवसाय करणाऱ्याच्या जोडणीला मीटर आजच लागला पाहिजे, त्यासाठी कोणत्याही वादाची गरज नाही. पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. चाकरमान्याचे घर गावाला सर्वांत महाग पडते, कारण ते नेमके त्या दिवसांत उघडते जेव्हा विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि सगळ्या गावाची माणसे दुप्पट झालेली असतात. पाइप किती जाड, टाकी किती मोठी आणि पंप किती अश्वशक्तीचा हे त्या पंधरा दिवसांवरून ठरते. निव्वळ वापरावर बिल लावले तर योजना ज्याच्यासाठी मोठी करावी लागली तोच सर्वांत कमी भरेल, आणि तिचा भार बारमाही राहणाऱ्या म्हाताऱ्यांवर येईल. म्हणून स्थिर आकार हवाच, आणि तो कुलूपबंद घरालाही हवा. पूर्ण पाणीपट्टीपेक्षा तो कमी असावा, एवढी सवलत न्याय्य आहे.

विरोधकांपैकी जे लोक विचार करून बोलतात ते पैशाच्या पलीकडे जातात. पाणी हा हक्क आहे, तो मोजायला लागलात की विकायला लागाल, असे त्यांचे म्हणणे. या भीतीला मी हसणार नाही. पिण्याच्या पाण्याचा धंदा होताना आपण बाटल्यांच्या रूपाने पाहिला आहे. पण हक्काबद्दल कोकणाला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. कागदावर हक्क पूर्ण झाला होता. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर गेले तोवर तिथे अस्पृश्याची ओंजळ बुडू शकली नव्हती, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. त्या अन्यायाची आणि आजच्या नळयोजनेची बरोबरी मी करत नाही. त्यातून दिसणारी रीत मात्र ओळखीची आहे: हक्क नोंदला गेला म्हणून पाणी पोहोचत नाही. आज टोकाच्या वाडीच्या घरात नळ आहे, त्याची नोंद आहे, छायाचित्रही आहे. पाणी किती येते याची नोंद कुठे आहे? जिथे मोजमापच नाही तिथे वरच्या वाडीने तक्रार कशाच्या आधारावर करायची, आणि ती वाडी बहुधा कोणाची असते हे सांगायची गरज आहे का? हक्काच्या नावाने मोजणीला विरोध करणारे ज्याचा हक्क बुडतो त्याच्याच हातातला पुरावा काढून घेत आहेत.

आणि मोजणे आपल्याला नवीन कधी होते? आगरातल्या पोफळींना पाटाचे पाणी मिळे ते पाळीने, आणि पाळी चुकवून मधेच पाट फोडणाऱ्याला गाव बोलल्याशिवाय राहत नसे. विहिरीवरून कळशी डोक्यावर आणणाऱ्या बाईला दिवसाला किती खेपा झाल्या हे पाठीच्या कण्यावरून कळे. पाणी मोजले जाणे बंद झाले ते नळ आल्यावर.

मीटरविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा तांत्रिक आहे, आणि गंमत अशी की सभेत तो फारसा कोणी मांडत नाही. घरगुती मीटरची झाकणी उचलून पाहा: काळे आकडे हजार-हजार लिटर दाखवतात, तांबडे त्याखालचे, आणि बाजूला एक छोटी चकती असते जी जराशा प्रवाहानेही फिरते. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसते. दिवसाआड अर्धा-पाऊण तास येते. पाणी सोडणारा दुचाकीवरून येऊन चावीने व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा रिकाम्या पाइपातली हवा पाण्याच्या पुढे धावत सुटते, तोटी फुसफुसते, आणि बादलीत थेंब पडायच्या आधीच मीटरची चकती भिंगरीसारखी फिरू लागते. उतारावरच्या पहिल्या दोन-चार घरांनी मग हवेचे पैसे भरायचे. याच्या उलट, बॉलकॉक मिटत येताना टाकीत जी बारीक धार पडत राहते ती बहुतेक यांत्रिक मीटरांना दिसतच नाही. साध्या अर्ध्या इंची मीटरला ताशी तीसेक लिटरच्या खालचा प्रवाह नीट मोजता येत नाही. पहिल्या पावसात ओढ्याला गढूळ पाणी आले की आतली जाळी तुंबते. अशा स्थितीत लावलेल्या मीटरवरून बिल काढणे म्हणजे भांडणाला आमंत्रण आहे. विरोधकांचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि घरचा मीटर शेवटी ठेवावा असे मी म्हणतो त्याचे निम्मे कारण हेच आहे. आधी उंचवट्यांवर हवा सोडणारे व्हॉल्व्ह लागले पाहिजेत, पुरवठ्याचे तास वाढले पाहिजेत, गाळणी नीट चालली पाहिजे.

समर्थक यावर म्हणतील की मीटर लागल्यावर लोक पाणी जपून वापरतात हे जगभर दिसले आहे. खरे आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागात २०१० ते २०१५ या काळात एका कंपनीने सरसकट मीटर बसवले तेव्हा घरगुती वापर सुमारे १६ टक्क्यांनी घटला. आपल्या जवळचे उदाहरण कराडशेजारच्या मलकापूरचे. तिथे मीटर आले, वाढत्या वापराला वाढता दर आला, आणि पाणी चोवीस तास मिळू लागले. मलकापूरला जाऊन आलेले सरपंच भारावून परततात, ते बरोबरच आहे. पण तिथे मीटर एकटा आला नव्हता. त्याच्याबरोबर नव्या जलवाहिन्या आणि सतत दाबाखालचा पुरवठा आला, आणि ते एकमेकांना लागून घरे असलेले शहर आहे. आपले गाव डोंगरउतारावर सहा वाड्यांत पसरलेले, मधे पऱ्ये, मधे बागा, आणि घरापर्यंत जाणारा पाइप कुठे बांधावरून तर कुठे फणसाच्या मुळांतून गेलेला. दारापर्यंत पोहोचण्याआधीच जे पाणी जिरते ते दारातल्या मीटरला कसे कळणार? आणि ज्याला दोन दिवसांत पाचशे लिटर मिळतात त्याने आणखी सोळा टक्के कोठून वाचवायचे?

न मोजलेल्या गोष्टीचे काय होते याचा धडा महाराष्ट्राने विजेत घेतला आहे. सत्तरच्या दशकात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. हेतू चांगला होता, शेतकऱ्याची कटकट वाचली. पण त्यानंतर शेतीला नेमकी किती वीज जाते हे कोणालाच ठामपणे सांगता येईना, आणि गळती व चोरीचा मोठा हिस्सा शेतीच्या वापराखाली दाखवला जातो हा आरोप वीज नियामक आयोगापुढे वर्षानुवर्षे गाजत राहिला. शेतकऱ्याचे नाव पुढे झाले आणि तोटा त्याच्या आड लपला. गावच्या पाण्याचे आज तेच झाले आहे. योजना तोट्यात आहे असे ग्रामसेवक सांगतो, लोक पाणी फुकट घालवतात असे सरपंच सांगतात, पाइप फुटके आहेत असे लोक सांगतात, आणि तिघेही खरे ठरू शकतात कारण तपासायला आकडा नाही.

टाकीच्या तोंडाशी एक मोठा मीटर आणि प्रत्येक फाट्यावर एक, एवढ्याने चित्र पालटते. समजा, एका वाडीत दोनशे माणसे आहेत. निकषाप्रमाणे तिला दिवसाला अकरा हजार लिटर हवेत. फाट्यावरचा मीटर पंचवीस हजार दाखवत असेल आणि शेवटच्या घराची पिंपे तरीही रिकामी असतील, तर चौदा हजार लिटरांचा शोध त्या एका पाइपावर घ्यायचा. ते फुटक्या सांध्यातून पऱ्याला मिळत असतील, कोणाच्या पोफळीला जात असतील किंवा नळाला थेट जोडलेल्या टुल्लू पंपाने ओढले जात असतील. दुसऱ्या वाडीचा मीटर सहाच हजार दाखवत असेल तर तिथल्या बायका खोटे बोलत नव्हत्या हे सिद्ध होते. यात कोणाच्या बिलाला हात लागत नाही, म्हणून विरोधाला जागा उरत नाही, आणि खर्च शेकडो मीटरांचा न होता सात-आठांचा होतो. पैसे वाचण्याची शक्यता इथेच सर्वांत मोठी आहे, कारण गळती थांबली तर पंप कमी तास चालतो आणि टँकर मागवण्याची वेळ पुढे सरकते.

क्रम उलटा केला की काय होते हे आयर्लंडमध्ये दिसले. तिथे दारोदार मीटर बसवत आणले, २०१४ साली आकारणी सुरू करायचे ठरले, लोक हजारोंनी रस्त्यावर उतरले, २०१६ साली आकारणी स्थगित झाली आणि २०१७ साली घेतलेले पैसे परत करावे लागले. त्याच मीटरांनी पुढे घरांच्या आवारातल्या गळत्या शोधायला चांगली मदत केली. आधी गळती शोधली असती आणि बिल नंतर काढले असते तर चित्र वेगळे दिसले असते असे मला वाटते. ग्रामपंचायत आधी आपला आकडा लोकांपुढे मांडेल, तर लोकांचा आकडा मागण्याचा अधिकार तिला येईल.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला, फाट्यावरचे मीटर वाचणार कोण? जो व्हॉल्व्ह उघडतो तोच, वही घेऊन, पाणी सोडताना एकदा आणि बंद करताना एकदा. त्या वहीची पाने दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लागावीत. दुसरा आक्षेप असा की वाड्यावाड्यांत भांडणे लागतील. भांडणे आजही आहेतच, फक्त ती अंदाजावर चालतात. वर्षभराचे आकडे हाती आल्यावर घरच्या मीटरचा विचार करावा, तोही पुरवठा रोजचा आणि पुरेसे तास झाला असेल अशा वाडीत. दर ठरवताना स्थिर आकारात योजनेचा न टळणारा खर्च बसवावा, माणशी ५५ लिटरपर्यंत दर नाममात्र ठेवावा, आणि त्यावरचा दर मोसमाप्रमाणे बदलावा: ऑगस्टमध्ये जास्तीचे हजार लिटर वापरणाऱ्याने गावाचे फारसे काही नेलेले नसते, एप्रिलमध्ये नेलेले असते. दिल्लीने महिन्याला २० हजार लिटरपर्यंत बिल शून्य आणि ती मर्यादा ओलांडली की सगळ्याच पाण्याचे पैसे, असा नियम केला; एका बादलीने बिल शून्यावरून एकदम चढावे असा दर आपण ठेवू नये. ठराव १ मेच्या ग्रामसभेत घ्यावा, कारण तेव्हा चाकरमानी गावात यायला लागलेले असतात आणि स्थिर आकार त्यांच्या कुलपालाही लागणार आहे. त्यांच्या पाठीमागे केलेला ठराव गणपतीत मोडीत निघतो.